दोघी एकाच बाजूला

“माझ्याविरुद्ध उभी राहू नकोस, मावशी. आणि टॅन्सीला माझ्याबद्दल खोटं सांगू नकोस.”

व्यसनमुक्ती केंद्राच्या गाडीत बसताना डेलिसा एवढंच म्हणाली होती. तेव्हापासून ओर्लीनाच्या पहाटेच्या प्रार्थनेत हे शब्द रोज येत. आजही प्रार्थना आटोपून ती डेलिसाच्या लेकीच्या, टॅन्सीच्या, वेण्या घालायला बसली, तोच स्वयंपाकघरातल्या भिंतीवरचा फोन वाजला.

“हॅलो?… हो, मीच. एवढ्या सकाळी, वर्नी? ओहायोत कोंबडे लवकर आरवतात वाटतं.”

वर्नी म्हणजे धाकटी बहीण, डेलिसाची आई. केंटकीचे डोंगर सोडून ओहायोतल्या कारखान्यात गेली, ती तिकडचीच झाली. लेकीनं नशेच्या गोळ्यांपायी आजोबांचं फिडल, त्यांचं जुनं व्हायोलिन, विकलं, त्या दिवसापासून तिनं लेकीचं नाव टाकलं होतं. नात मात्र ओर्लीनाच्या पदरात आली.

“…हो, आजच. दहा वाजता, कोर्टात… अगं, ऐक ना… आधी ऐकून तर घे. शेजारच्या मर्टलचे गुडघे गेले. ती आता टॅन्सीच्या मागे धावू शकत नाही… आणि मला उजाडायच्या आत वृद्धाश्रमाच्या चुलीपाशी हजर व्हावं लागतं. पोरीला ठेवू कुठं, बटाट्याच्या पोत्यावर?… हं. शाळेच्या पाळणाघरात एक जागा आहे. पहाटेच उघडतं. नातेवाइकांकडे वाढणाऱ्या मुलांचा खर्च सरकार उचलतं. आणि बोलायला शिकवणाऱ्या बाई आहेत तिथं… हो, अजून अडतेच ती. दोन शब्द बोलते आणि माझ्या तोंडाकडे बघते.”

टॅन्सी खरंच तिच्या तोंडाकडे बघत होती. ओर्लीनानं रिसीव्हर खांद्यात धरला आणि दुसरी वेणी घालायला घेतली.

“…तेच सांगतेय. जागा आजच्या दिवसापुरतीच राखून ठेवलीय. पोर माझ्या ताब्यात आहे असं न्यायाधीश म्हणाले तर मिळेल, नाहीतर दुसऱ्याला जाईल… मग काय, काम सोडायचं नि घरी बसायचं… नाही… नाही, वर्नी. ते मी म्हणणार नाही. ‘आई नालायक आहे’ हे शब्द माझ्या तोंडून निघायचे नाहीत… तुझ्याकडे? तू दिवसभर कारखान्यात, तिथं तिला बघणार कोण? तुझा टीव्ही?”

पलीकडचा आवाज चढला. ओर्लीनानं रिबिनीची गाठ सावकाश मारली आणि आवाज उतरायची वाट पाहिली.

“…झालं बोलून?… आधीच का गेले नाही? कारण मला वाटायचं, कोर्ट म्हणजे खटला. चर्चमधल्या माणसानं चर्चमधल्या माणसाविरुद्ध कोर्टात जायचं नाही, हेच ऐकत मोठ्या झालो ना आपण? बाबांनी कुरणाची कड काकांना सोडून दिली, पण कोर्टाची पायरी चढले नाहीत… आणि डेलिसाला नदीत बाप्तिस्मा दिला तेव्हा काठावर टॉवेल घेऊन मीच उभी होते. तिच्याविरुद्ध मी कशी जाऊ?… हो, मग शाळेत घरच्यांना कागदपत्रांत मदत करणाऱ्या बाई आहेत, त्यांना हे सांगितलं, तर त्या बघतच राहिल्या. म्हणाल्या, अहो, आई स्वतः येऊन हो म्हणाली तर विरुद्ध कोण उरतं? दोघी एकाच बाजूला उभ्या राहाल.”

ओर्लीनानं कंगवा फडताळात ठेवला.

“…हो, येतेय ती. केंद्रानं सकाळपुरतं सोडलंय… मीच जातेय आणायला… येईल… वर्नी, येईल म्हणते ना. दर रविवारी भेटते मी तिला. कप भरून कॉफी घेते आता, थेंब सांडत नाही… माहीत आहे, आधीही दोनदा फसवलंय. तरी येईल… आणि दारात आली नाही, तर आत जाऊन तिच्याशेजारी बसेन. उठेपर्यंत बसेन. माझी बसायची सवय तुला ठाऊक आहे… रडतेयस?… बरं, सर्दी. सर्दीच असेल.”

टॅन्सी उठून दाराशी बूट शोधू लागली. बाहेर गवतावर दहिवर गोठलं होतं.

“ऐक. जूनमध्ये चर्चमध्ये पाय धुण्याची सभा आहे, राग सोडून एकमेकींचे पाय धुवायची. ये… गरम पाणी मी आणीन, टॉवेल मी देईन. कुणाचे पाय धुवायचे ते तुझं तू ठरव… नको, आत्ता काही कबूल करू नकोस. नुसती ये… ठेवते मग, उशीर होईल… काय?… डेलिसाला काय सांगू?… कोर्टात गारठा असतो, अंगात काहीतरी घाल, म्हणून?… एवढंच?… नाही गं, हसत नाही. सांगते. तुझ्याच शब्दांत सांगते.”

तिनं फोन ठेवला. मग खुंटीवरचा आपला चर्चला जायचा लोकरी कोट काढून तिनं हातावर घेतला. स्वतः जुनं जाकीट चढवलं आणि टॅन्सीच्या बुटाचे बंद बांधायला खाली बसली.

“कुठं?” टॅन्सीनं विचारलं.

“तुझ्या आईला आणायला.”

टॅन्सी थांबली, तिच्या तोंडाकडे बघत राहिली. “ती… बरी?”

‘हो’ म्हणणं सोपं होतं. ओर्लीनानं बंदाची गाठ पक्की केली.

“अजून पुरती नाही. होतेय.”

टॅन्सीनं कोटाची लोंबती बाही उचलून धरली, जमिनीला लागू नये म्हणून. दोघी गोठलेलं गवत तुडवत गाडीकडे निघाल्या.