तरुण मुलींचा आजार

—अगं, पण रडतेस काय अशी? सरक, बसू दे. रिपोर्टात क्लॅमिडियाच निघाला ना? मग! मला वाटलं, कुणी गेलं की काय. मलाही तोच झालाय – हो, मलाच, बासष्टाव्या वर्षी! बघतेस काय? भलत्याच तपासणीला आले होते, त्यात हे निघालं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, 'संबंधांतून लागतो हा जंतू, बायकांत फार आढळतो, तरुण मुलींत तर सर्रास.' म्हटलं, 'तरुण? पुन्हा एकदा म्हणा की!' हसल्याच नाहीत. वर विचारतात, 'मिस्टर कुठे असतात?' म्हटलं, 'भिंतीवर. फ्रेममध्ये.' – तर काय सांगत होते, बहुतेकींना काही होतच नाही म्हणे. दुखत नाही, खुपत नाही, म्हणून कळत नाही आणि पसरत राहतो. तू तपासून घेतलंस ते बरंच केलंस – राहिला असता आत, तर पुढे मूल होताना वांधे. आता गोळ्या घ्यायच्या, मोकळं व्हायचं. त्यालाही द्यायच्या, जो कोण असेल तो. आणि तोवर जवळ यायचं नाही – ते मात्र कठीण... म्हणजे तुमच्या वयात म्हणते मी.

माझी तर शोभाच झाली. दवाखान्याचा फोन आला आणि माझं बोट पडलं स्पीकरवर. मुलगा जेवत होता, घास हातातच राहिला. 'आई, या वयात?' म्हटलं, 'का, जंतू वय विचारून येतो?' सून उठून बेसिनशी गेली, खांदे गदगदत होते – हसत होती कार्टी!

पण खरी तंतरली ती त्याला सांगताना. कुणाला काय – घड्याळवाल्याला. माझ्या लॉन्ड्रीसमोरच दुकान आहे त्याचं. तशी नुसती ओळख. म्हणजे चहापुरती. म्हणजे रविवारी दुपारी... जाऊ दे, तू काही कुक्कुलं बाळ नाहीस. कुणी कुणाला दिला, कधीचा आहे, डॉक्टरांनाही सांगता येत नाही म्हणे, गुपचूप बसून राहतो मेला. आता तो म्हणाला असता, 'तुमच्यामुळे', तर? मी शिव्या तयारच ठेवल्या होत्या, निवडक. बोलले एकदाचं. त्यानं डोळ्यावरचं भिंग काढलं, शटर ओढलं आणि म्हणाला, 'चला, दोघं जाऊ.' बस्स! शिव्या घशातच राहिल्या गं. लग्नाचं विचारतो अधूनमधून, मी उडवून लावते – पुन्हा कुणाचे मोजे शोधत बसू? पण ते शटर ओढलं ना त्यानं भरदुपारी, गिऱ्हाईक उभं असताना, तेव्हा मला... छे, फिनेल किती ओततात इथे, डोळ्यांत जातं.

गप, आला. – अहो, इकडे! दिल्या गोळ्या? बरं... काय? नातं विचारलं? मग काय सांगितलंत?... बायको? मला न विचारता? – ए मुली, ऊठ तू, त्या पलीकडच्या बाकावर जाऊन बस. आमचं भांडण व्हायचंय.