होरीत कॅन

शकुबाई : नाय म्हंजे नाय, सुनयना! माझ्या होरीवर दारूचा कॅन चढनार नाय.

सुनयना : आई, दारू नाही गं ती. इंजिनसाठीचं अल्कोहोल आहे. त्यात विष मिसळलेलं असतं, प्यायलं तर माणूस मरेल.

शकुबाई : मंग तर नायच! तुझा बापूस काय पिऊन मेला? चांगलं-वायट बघून पीत होता काय तो?

सुनयना : माहितीये मला. पण ऐक ना. इंजिन डिझेलवरच चालू होणार. गरम होऊन लोड आला, की हवेसोबत थोडी अल्कोहोलची वाफ सोडायची. तेवढं डिझेल वाचतं. कॉलेजच्या लॅबमध्ये दोन महिने चाललंय. आता खाडीत, होडीवर चालवून दाखवायचंय, आणि मॅडमनी परीक्षेला आजचाच दिवस दिलाय.

शकुबाई : डिझेल वाचंल गो बाय, पन बाजीराव? माझा सख्खा भाऊस. आठ महिनं झालं, थेंब घेतला नाय त्यानं. होरी तोच चालवतो. त्याच्या पायाशी कॅन ठेवायचा आनि म्हनायचं, हात लावू नको?

सुनयना : कुलूप लावते.

शकुबाई : कुलूप! बापूस कपाट फोडायचा, इसरलीस?

(बाजीराव धक्क्यावरून येतो.)

बाजीराव : भांडू नका गो. सगला धक्का आयकतोय.

सुनयना : मामा, तूच सांग आईला.

बाजीराव : काय सांगू? सकाली रिक्षातून कॅन मीच उतरवला. झाकन उघडलं. वास घेतला.

शकुबाई : अरे देवा! प्यायलास?

बाजीराव : नाय. झाकन लावलं. पन कॅनपासून लवकर हललो नाय, आक्का.

सुनयना : मामा, राहू दे मग. मी मॅडमना फोन करते. नापास तर नापास.

बाजीराव : गप! उद्या धा होऱ्यांवर ही वाफ येल, तवा काय मी धंदा सोरू? आज पलालो तर कायमचा पलालो. कॅन न्यायचाच. फकस्त एकला नको मना. आक्का, तू चल.

शकुबाई : मी? येडा झालास? ही इंजिनवाली, हिचं येगलं. आपल्या बाया मासली इकतात, होरीवर कोन गेलीय? सगलं दिवाळं गाव हासंल.

बाजीराव : हासू दे. मी मेल्यावर रडन्यापरीस बरं.

शकुबाई : ...सुनयना, ती कॅनची नली किती लांब हाय?

सुनयना : दीड मीटर. का?

शकुबाई : इंजिनापासून लांब ठेव कॅन. मी बसते त्याच्यावर. माझ्या खालून काढून दाखवा कोनी! बाजीराव, हात दे रं. होरीत कसं चढतात, मना ठाव नाय.