तान्याचं नाव उमटेना

ल्यूदा : आधी तो गणवेश उतरव. रविवार आहे आज. घरात बसून कोणाला सलाम ठोकणार आहेस?

वादिम : मॉस्कोहून बोलावणं आलं तर लगेच निघावं लागेल.

ल्यूदा : चौकशी समिती रविवारी कोणाला नोकरीवरून काढत नाही. आरामात जेवूनखाऊन सोमवारी काढते. हे बीटाचं बोर्श घे, गरम सूप आहे, वर साय घातलीय.

वादिम : भूक नाही.

ल्यूदा : चार दिवस हेच चाललंय. रॉकेट थांबवलंस तू आणि उपास घडतोय मला.

वादिम : ल्यूदा, अख्ख्या अंतराळ दलाचा प्रमुख आहे मी. दोन तासांवर आलेलं उड्डाण मी रद्द केलं. मापकांचे सगळे काटे जागच्या जागी होते. मंत्री दुर्बीण घेऊन बसले होते.

ल्यूदा : आणि कारण काय लिहिलंस? सांग ना पुन्हा, मला ऐकायला आवडतं.

वादिम : खरं तेच लिहिलं. 'रॉकेटवर तान्याचं नाव उमटत नाही.'

ल्यूदा : चौतीस वर्षं संसार केला मी या तान्याबरोबर! लग्नाला दोन महिने झाले नव्हते, तर शेजारीण येऊन सांगते, तुझा नवरा रॉकेटवर तान्याचं नाव लिहितो. आठवडाभर अबोला धरला होता मी.

वादिम : सगळेच लिहितात. ती कोण, कोणाची, आजवर कोणाला कळलेलं नाही.

ल्यूदा : आता ठाऊक आहे रे मला. पण मंत्र्यांना कसं समजावलंस?

वादिम : म्हटलं, साहेब, टाकीत ऑक्सिजन भरला की बाहेरून दंव धरतं, भुसभुशीत. त्यावर लेफ्टनंट बोटानं 'तान्या' लिहितो, मगच रॉकेट सोडायचं, अशी आमची रीत आहे. आज त्या जागी दगडासारखा बर्फ झालाय, बोट उमटत नाही. म्हणजे आतून काहीतरी झिरपतंय.

ल्यूदा : मग?

वादिम : म्हणाले, बाईच्या नावावरून रॉकेट अडवता, जनरल?

ल्यूदा : बघ म्हणजे! आधी इथे उत्तरेत, मग कझाकस्तानच्या माळावर, मग कामचात्काला त्या रडारपाशी, जिथे अस्वलं आपला कचऱ्याचा डबा उपसायची. अकरा घरं बदलली मी. अकरा वेळा तेच पडदे कापले नाहीतर जोडले. आणि एवढं करून शेवटी लोक म्हणणार, जनरल ल्याडोव बाईच्या नादानं गेला.

वादिम : भीती वाटते तुला?

ल्यूदा : वाटते तर. पदाचं काय घेऊन बसलास, आज आहे उद्या नाही. पण तुला खोटं ठरवलं, तर तू आतल्या आत स्वतःला खात बसशील. त्याची भीती वाटते.

(फोन वाजतो.)

वादिम : ल्याडोव बोलतोय… हो, ल्योवा, बोल… उघडली? कधी?… कुठे?… किती लांब?… बरं… आणि मंत्री?… स्वतः?… नाही रे, रडतोय कशाला, सर्दी झालीय. ठेवतो.

ल्यूदा : अरे, बोल ना! समितीत काय झालं? काय म्हणाला ल्योवा?

वादिम : टाकी उघडली त्यांनी. जोडाला चीर होती, केसाएवढी. ऑक्सिजन झिरपत होता. इंजिन पेटवलं असतं तर सगळा उड्डाणतळ पेटला असता. दोनशे माणसं होती तिथे, ल्यूदा.

ल्यूदा : देवा रे! आणि तू?

वादिम : मी पदावर राहतोय. मंत्र्यांनी स्वतः सही केली.

ल्यूदा : हुश्श! ये, ये इकडे. चार दिवस माझा जीव कुठे टांगला होता, माझं मला ठाऊक. आता तरी काढ तो कोट. बटणं बोचतात.

वादिम : बोर्श आहे का अजून?

ल्यूदा : पातेलंभर आहे. हा पाव घे, काकडी घे. सावकाश, भाजेल!

वादिम : अजून वाढ.

ल्यूदा : खा, खा. पण मला एक सांग. तीन तारे लावलेला माणूस तू. दर उड्डाणाला एवढ्या थंडीत शिडी चढून दंव बघायला तू कशाला जातोस? खाली एवढी माणसं आहेत.

वादिम : दंव बघायला नाही जात. विचारायला जातो.

ल्यूदा : काय विचारायला?

वादिम : नाव उमटलं का, एवढंच. त्या लेफ्टनंटला कळलं होतं गं, बोट घसरतंय ते. पण सांगणार कोणाला? काट्यांवर सगळं ठीक. आधी हसले असते, मग हाकलला असता. मी विचारलं, तेव्हा बोलला.

ल्यूदा : गुणाचा पोर.

वादिम : फेद्या आठवतो तुला?

ल्यूदा : हे काय विचारणं झालं? आपल्या लग्नात तुझ्या बाजूनं साक्षीला उभा होता. तळावरच्या त्या आगीत गेला, तेव्हा त्याच्या बायकोला, झोयाला, मीच धरून बसले होते, दोन दिवस.

वादिम : त्या उड्डाणाला नाव लिहायची पाळी माझी होती.

ल्यूदा : माहीत आहे मला. तू सुखरूप आलास म्हणून मी मेणबत्ती लावली होती. झोयाची लाज वाटून लपूनछपून लावली.

वादिम : तेव्हाही तिथे असाच बर्फ होता. दगडासारखा. बोट उमटेना.

ल्यूदा : वादिम…

वादिम : उड्डाणाला उशीर नको, म्हणून मी खिशातला चाकू काढला आणि खरवडून नाव लिहिलं. खाली उतरलो. सांगितलं, झालं.

ल्यूदा : आणि हे चौतीस वर्षं पोटात ठेवलंस? मला नाही, कोणालाच नाही?

वादिम : तेवीस वर्षांचा होतो. चौकशीत काट्यांबद्दल विचारलं, वेळेबद्दल विचारलं. बर्फाबद्दल मला कोणी विचारलंच नाही.

ल्यूदा : मी विचारतेय. बस इथे, आणि पहिल्यापासून सांग.