फोडणीची पळी रॉनच्या शेडात

वही उघडलीत न्हवं, लिहा. आमचं गाव कोल्हापूरच्या खालच्या अंगाला, नदीकाठी, घरात खाणारी तोंडं आठ आणि माझी शाळा चौथीपर्यंत. मास्तरच बापाला म्हणाले ह्याच्या हाताला डोकं आहे पण डोक्याला न्हाई, ह्याला कामाला लावा, आणि बापानं लावला फौंड्रीत. आधी वाळू चाळली, मग साचे भरले, मग ओतकाम, चाळीस वर्षं तेच. तापलेलं लोखंड मी रंगावरनं ओळखायचो बघा, मीटर-बिटर नंतर आले. हे आधी सांगतो कारण पुढं जी चूक झाली ती ह्याच गर्वानं झाली. आगीतलं मला सगळं कळतंय असं वाटायचं मला.

लग्न झालं तेव्हा आमची शालन म्हणाली पातेल्यातली फोडणी मला जमत न्हाई, जळते. म्हणून कामावरच्या लोहाराकडनं तिला एक पळी ठोकून घेतली, लोखंडाची, जाड बुडाची, लांब दांड्याची, आणि दांडा मी स्वतः कानशीनं घासला, हाताला टोचू नये म्हणून. तेवढंच काय ते मी तिला दिलं, लुगडी तिच्या भावानं दिली. ती पळी तिनं आयुष्यभर वापरली. पोरगा विनू आमचा शिकायला इथं ऑस्ट्रेलियात ॲडलेडला आला, मॉसन लेक्सच्या युनिव्हर्सिटीत, मग नोकरी लागली, पर्मनंट झाला, पुण्याची अमृता सून आली, आणि आम्हाला दोघांना बोलावून घेतलं. शालननं पळी लुगड्यात गुंडाळून आणली. विमानतळावरच्या साहेबानं विचारलं व्हॉट इज धिस, तर हिनं पळी हातात धरली आणि तोंडानं चर्रर्र केलं. तो हसला, जा म्हणाला. अशी होती ती. इंग्रजी एक अक्षर येत नव्हतं पण काम अडलं न्हाई कधी.

गेल्या वर्षी इथल्या थंडीत गेली. पावटे सोलत बसली होती, म्हणाली छातीत कसंतरी होतंय, आणि मी म्हणालो नाटकं करू नको, पावटे संपव. हे माझं तिच्याशी शेवटचं बोलणं. लिहा, गाळू नका.

त्यानंतर मला फोडणीचा आवाज सोसंना. अमृता बिचारी सासूच्याच पळीत फोडणी करायची, मोहरी तडतडली की मी ताटावरनं उठून मागच्या यार्डात. ती म्हणायची बाबा, जेवण गार होतंय, मी म्हणायचो होऊ दे. तिथं कुंपणापाशी उभा राहायचो, आणि कुंपणापलीकडं रॉन. माझ्याच वयाचा गडी, डिझेल इंजनाचा फिटर होता, आता रिटायर. त्याच्या शेडातनं एकदा धूर आला आणि मला वास ओळखू आला. ओतकाम! मी डोकं वर काढून बघितलं तर हा शिसं वितळवून बंदुकीच्या गोळ्या ओततोय.

घाबरू नका, चोर न्हवं तो. नेमबाजीच्या क्लबाचा मेंबर, लायसन्स आहे, पोलीस येऊन तिजोरी तपासून जातात. पिस्तूल त्याचं लहानसंच, त्याच्या पंजात तर खेळणं वाटायचं. मी त्याला पॉकेट पिस्तूल म्हणायचो तर चिडायचा, नो पॉकेट, मेट, पॉकेट जेल! मेट म्हणजे त्यांच्यात दोस्त. खिशात घालायचं न्हाई, तिजोरीतनं क्लबात आणि क्लबातनं तिजोरीत. पण जुन्या मापाचं, त्याच्या गोळ्या दुकानात धड मिळत न्हाईत, म्हणून हा टायरला लावायची शिशाची वजनं आणून वितळवायचा, साच्यात ओतायचा. शेंगदाण्याएवढी गोळी. पण काय सांगू, सगळ्या गोळ्यांना सुरकुत्या! मी एक उचलली, माझ्या गालाजवळ धरली, म्हणालो सेम सेम. मग साच्याला हात दाखवला, कोल्ड! नो गुड! साचा गार असला की ओतीव सुरकुततंच, शिसं असो की लोखंड. त्यानं साचा तापवला, पुढची गोळी अशी निघाली, गुळगुळीत, आरशासारखी. त्या दिवसापासनं मी त्याचा मुकादम.

आठवड्यातनं दोन दुपारी जायचो. शिसं माझं, बाकी त्याचं. बंदुकीची दारू भरायची, काडतुसाच्या जुन्या पितळी टोपणात गोळी बसवायची, ते काम तो एकटा करायचा, मला हात लावू देत नसे, आणि तेव्हा बोलतही नसे. मी स्टुलावर बसून बघायचो. एक टोपण, एक माप दारू, एक गोळी, यंत्राचा दांडा खाली ओढला की झालं, मग दुसरं. चूक झाली तर बोटं जातील म्हणायचा. आणि उठताना दर वेळी, वॉश हँड्स, मेट, वॉश हँड्स. मला वाटायचं गोऱ्या लोकांची सोवळी.

एकदा त्याच्या शिसं ओतायच्या पळीचा दांडा तुटला. मी म्हणालो थांब, घरी गेलो आणि शालनची पळी घेऊन आलो. खरं सांगू? ती चुलीजवळ टांगलेली मला बघवत नव्हती, आणि टाकवतही नव्हती. शेडात ती माझ्या हातात होती, दांडा मीच घासलेला, शालन जिथं धरायची तिथं मी धरायचो. त्या दुपारी बरं वाटायचं. तीन महिने त्या पळीनं शिसं ओतलं. घरी अमृता शोधत होती, बाबा, आईंची पळी दिसत न्हाई कुठं, तुम्ही पाहिलीत का. मी म्हणालो न्हाई बाबा.

मग वर्षश्राद्ध आलं. अमृताला पाचवा महिना, तरी म्हणाली सगळं आईंसारखं करणार, आणि आदल्या दिवशी ओट्याशी उभी राहून रडायला लागली, एक पळी मला सांभाळता आली न्हाई म्हणून. माझं काळीज हललं. गेलो शेडात, रॉन घरात नव्हता, पळी घेतली, राखेनं घासली, वाळूनं घासली, तिथल्याच गॅसवर लालभडक केली, पुन्हा घासली. चांदीसारखी झाली. आगीतनं निघालेलं शुद्ध, आमच्याकडं म्हणतातच, आणि मी तर फौंड्रीतला. खुंटीला अडकवून म्हणालो ही बघ, माझ्याच बॅगेत होती. पोरगी इतकी खूश झाली की बोलायची सोय न्हाई.

श्राद्धाला आमटी झाली, फोडणी त्याच पळीत. घास बाहेर ठेवला, कावळा काय आला न्हाई, तो इथला काळा-पांढरा मॅगपाय पक्षी आला. चालतंय म्हणालो, शालननं कुठं रंग बघितला कुणाचा. सगळे जेवले. अमृतानं आमटी दोनदा घेतली.

तिसऱ्या दिवशी शेडात गेलो, रॉन म्हणाला पळी कुठाय. मी म्हणालो होम, किचन. आणि हातानं दाखवलं, चर्रर्र. तो गडी पांढरा पडला. नो, मेट, नो. पोटावर हात फिरवला, बाळ कडेवर घेतल्यासारखं केलं, आणि शिशाकडं बोट दाखवून मान हलवली. मग फोनमध्ये बोलला आणि फोननं मला हिंदीत सांगितलं, शिसं विष आहे, पोटातल्या मुलाच्या मेंदूला धरतं, धुऊन जात न्हाई. रॉन म्हणाला यू टेल हर. टुडे. ऑर आय टेल.

तुम्हाला खोटं कशाला सांगू, कुंपणापासनं घरापर्यंत दहा पावलं, त्यात मी तीनदा ठरवलं की पळी गुपचूप इथल्या तळ्यात टाकायची आणि गप्प बसायचं. कोण विचारतंय म्हाताऱ्याला. पण शालन छातीत कसंतरी होतंय म्हणाली तेव्हाही मी सोपं तेच केलं होतं.

सांगितलं. अमृता पोटावर हात ठेवून खाली बसली. विनू ओरडला, आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर ओरडला, बाबा, तुम्हाला वेड लागलंय का. मी म्हणालो व्हय, लागलंय. दोघं डॉक्टरकडं गेले, मलाही नेलं, सगळ्यांचं रक्त काढलं. रिपोर्ट यायला चार दिवस. त्या चार दिवसांत विनू माझ्याशी बोलला न्हाई. तिसऱ्या दिवशी दुपारी अमृताच यार्डात येऊन माझ्याशेजारी बसली, म्हणाली बाबा, बॅगेत होती असं का सांगितलंत, शेडात नेली तरी का. मग मी सगळं सांगितलं, फोडणीचा आवाज, दांडा, आणि ते पावट्याचं बोलणं पण. वर्षभर कुणाला सांगितलं नव्हतं. ती रडली. मी पण रडलो, लिहा, लाज कसली त्यात.

चौथ्या दिवशी डॉक्टरीणबाईचा फोन. अमृताचं रक्त चांगलं. एकाच जेवणाचं होतं, सुदैवानं काही चढलं न्हाई, बाळाची काळजी करू नका. विनूचं चांगलं. माझं थोडं चढलेलं, म्हाताऱ्याला म्हणावं हात धू आणि जरा दम खा. अमृता फोन ठेवून जी हसायला लागली, म्हणाली बाबा, तुम्हीच तेवढे शिशाचे निघालात. विनूनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी पायऱ्यांवर बसलो तो उठेनाच, छातीवरनं भट्टीचं झाकण काढावं तसं झालं.

पळी आता शेडातच. रॉननं दांड्याला लाल रंग दिलाय, घरी जायचं न्हाई म्हणून. मी जातो अजून, पण अंगातला शर्ट तिथंच काढून ठेवतो आणि हात दोनदा धुतो, तो न सांगता. विनूनं नवी पळी आणली. पहिल्या दिवशी अमृता म्हणाली आईंची पळी गेली तर गेली, आईंचा हात कसा होता ते सांगा. आता रोज मी ओट्याशी उभा. सांगतो, तेल हललं की मोहरी, आवाज थांबायच्या आत हिंग, मग गॅस बंद आणि मग तिखट, न्हाईतर जळतं. ती म्हणते बाबा, तुम्हाला एवढं कसं माहीत, मी म्हणतो चाळीस वर्षं ऐकलंय.

सातवा लागलाय तिला. बाळ चांगलं आहे, पायानं ढकलतंय म्हणते. शालनच्या आशीर्वादानं होईल सगळं नीट. ऐकलंत का, मोहरी टाकली तिनं. पूर्वी मी इथनं उठून गेलो असतो. आता बसतो. तुम्ही पण वही मिटा आणि बसा, आमटी खाऊनच जा. पळी नवीन आहे, भिऊ नका.