चतकोर चपाती

माझं म्हायेर म्हसवड. बाजरीचा मुलूख, गव्हाची चपाती आमच्यात सणालाच. लगीन होऊन इस्लामपूरला आले, मालक साखर कारखान्यात आन् मी खानावळीत चपात्या लाटायला. वीस वर्सं लाटतीया. काय सांगू तुमाला, गावाला खाऊ घातलं आन् पोटच्या पोरीलाच गहू इख. वर्साची असताना अस्मिताला एक घास दिला तर व्हट सुजलं, दम अडकला, काळीनिळी पडली. तवापास्नं कामावरनं आले की अंगूळ करून, लुगडं बदलूनच तिला जवळ घ्यायची.

ती आठ वर्साची झाली तवा सांगलीच्या डाक्टरीणबाई म्हणाल्या, एक इलाज हाय, तिला गहूच द्यायचा, पर कणभर, मग वाढवत न्ह्यायचा, अंगाला सवय लागती. मी म्हणलं आवं बाई, इखच चारायचं व्हय? पर त्यांच्याम्होरं बसवून चालू केलं. पाण्यात कालवलेली कणीक, चिमटीपेक्षा बी कमी. दीड वर्सानं पोरगी चतकोर चपातीवर आली. पयल्या दिशी तिनं ती नाकाला लावून हुंगली, खाल्ली आन् म्हणली, आये, लय ग्वाड लागती गं. मी रडले बगा.

आन् मग माती केली ती मीच. म्हायेरच्या देवाला, सिद्धनाथाला, बोलले हुते, पोरीनं चतकोर खाल्ली तर कडक नवरात्र धरीन. पोरगी म्हणली मी बी धरती तुझ्यासंगं. आता उपासात गहू कसा चालंल? रोज द्यायचं, खाडा करायचा न्हाई, खाड्यानं अंगाची सवय मोडती, झालाच तर परत द्यायच्या आधी फोन करायचा, सगळं सांगितलं हुतं बाईंनी. पर मला वाटलं देवाचं काम, नऊ दिसांनी काय हुतंय. दसऱ्याला निवद दाखवला आन् तिच्या ताटात चतकोर वाढली, ह्या हातानं.

घडीभरात पोरीचा घसा धरला, आवाज गेला. असल्या येळंसाठी बाईंनी घरात ठिवायला दिलेली सुई तिच्या मांडीत मारली आन् गाडी करून सांगली गाठली. वाचली. डाक्टरीणबाई नुसतं म्हणाल्या, ताई, एक फोन करायचा होता. वराडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

त्या म्हणाल्या, परत चिमटीपास्नं सुरू करू. पोरगी म्हणली न्हाई. गहू दिसला की ताट सारून उठायची.

आता तेरा वर्साची हाय. आपली भाकरी आपणच थापती. मी कायबी वाढलं की हात आखडती आन् इचारती, आये, ह्यात काय हाय? माझ्या चपात्या शंभर माणसं न इचारता खात्यात. पर बराबर हाय तिचं. तिनं रोज इचारावं, मी रोज सांगीन. जगू दे माझी बाय.