वहिनीच्या पायात चपला नव्हत्या

पोलीस ठाणे, खालापूर
दिनांक १८ एप्रिल १९७८
पुरवणी जबाब

मी, कुमारी शकुंतला नागू तुपे, वय २१ वर्षे, धंदा बालवाडीत शिकविणे, मूळ राहणार बोरीची वाडी, तालुका कर्जत, हल्ली राहणार मोहोपाडा, तालुका खालापूर, जिल्हा कुलाबा, आज रोजी आपण होऊन ठाण्यात येऊन समक्ष सांगते की,

माझा पहिला जबाब याच ठाण्यात ६ फेब्रुवारी रोजी झाला. त्यात माझी भावजय जनाबाई गजानन तुपे हिच्या पायात काळ्या चपला होत्या व ती आपण होऊन निघून गेली असे आहे. त्यातील चपलांची गोष्ट चूक आहे. तिच्या पायात काही नव्हते. चपला माझ्या पिशवीत होत्या. निघून गेल्याची गोष्टही चूक आहे. ती कोठे गेली नाही. तिला एका जागी बसवून आम्ही निघून आलो. आम्ही म्हणजे मी आणि माझा थोरला भाऊ गजानन.

पहिला जबाब मला वाचून दाखवला होता. बरोबर आहे का असे विचारले तेव्हा मी मान हलवली आणि सही केली. दादा शेजारच्या बाकावर बसला होता. लिहून घेणाऱ्यांची त्यात चूक नाही.

मी लहान असताना आमच्या वाडीत शाळा नव्हती. मला अक्षरे दादाने घरी ओटीवर शिकवली. डोळ्यांनी पाहिलेले आधी लिहावे आणि कानांनी ऐकलेले वेगळे लिहावे, हे त्यानेच शिकवले. आजचा जबाब मी त्या रीतीने देत आहे. जे ऐकीव आहे तेथे तसे सांगेन.

दादा मोहोपाड्याजवळच्या एका रासायनिक कारखान्यात नोकरीस आहे. गेल्या जुलैत कारखान्याने त्याला नवीन यंत्रांच्या कामाकरिता सहा महिने इटलीस पाठवले. बायकोचा खर्च कारखान्याने दिला. माझा दादाने केला, कारण वहिनीला परमुलखात एकटे वाटेल असे तो म्हणाला. तेव्हा तो तसे म्हणाला हे मी ऐकले आहे.

वहिनी शाळेत गेलेली नाही. तिला पहिला मुलगा झाला तो मेलेलाच झाला. त्यानंतर तिने गावदेवीला बोलून ठेवले होते की, मूल होईपर्यंत दर नवरात्रात नऊ दिवस पायात काही घालणार नाही. हे आमच्या घरी सर्वांना ठाऊक आहे. दादालाही ठाऊक होते. तेथे राहत्या खोलीत तिने वाडग्यात माती घालून घट बसवला. माती बागेतून आणली म्हणून घरमालकीण रागावली. वहिनी मला म्हणाली, "तिला सांग गं, नऊ दिसांनी तुजी माती तुला परत देते. वर हिरवं पन देते."

दिनांक १६ ऑक्टोबर, रविवार, चौथी माळ. दादाच्या तेथील साहेबांनी आम्हाला व्हेनिस शहर दाखवण्याचे ठरवले होते. आम्ही आगगाडीने गेलो, साधारण तासाभराचे अंतर आहे. साहेब व त्यांच्या बाई स्टेशनवर भेटल्या. निघताना दादा वहिनीला म्हणाला, "आज तरी घाल. माझी लाज काढू नकोस." वहिनी म्हणाली, "देवीची काढू का मग?" मग ती हसली आणि चपला माझ्या पिशवीत टाकल्या. म्हणाली, "र्‍हाऊ देत गं. काचबीच दिसली तर हातात घेईन, म्हंजे तुज्या दादाला बरं वाटंल."

त्या शहरात रस्त्यांच्या जागी पाणी आहे व लोक होडीतून जातात. वहिनी होडीत माझा दंड धरून बसली होती. ती म्हणाली, "शके, ह्यो समदा गाव आवणातल्या खाचरावानी दिसतो. लावनी तेवडी करायची र्‍हायली." मी हसले. साहेबांच्या बाईंनी काय म्हणाली म्हणून विचारले. दादा त्यांची भाषा कामापुरती शिकला होता, त्याने त्यांना काही तरी सांगितले. ते हेच होते का, हे मला माहीत नाही.

मोठ्या चौकात चर्च आहे. आत जाताना वहिनी थांबली व लोकांच्या पायांकडे पाहू लागली. म्हणाली, "देवळात चपला घालून जातात ही मानसं?" ती उंबऱ्याला हात लावून आत गेली. फरशी फार गार होती. माझ्या पायात बूट असूनही मला ते कळत होते. बाहेर आल्यावर साहेबांच्या बाईंनी तिचे पाय पाहिले. टाचेला भेग पडून थोडे रक्त आले होते. त्या तडक एका दुकानात गेल्या आणि स्लीपरची जोडी घेऊन आल्या. त्यांनी ती वहिनीपुढे ठेवली. वहिनीने हात जोडले व जोडी उचलून त्यांनाच परत दिली. बाईंचे तोंड उतरले. साहेब दादाकडे पाहून काही म्हणाले. दादाचे कान लाल झाले होते. मला तो मराठीत म्हणाला, "यांना वाटतंय मी बायकोला पायताण घेऊन देत नाही."

मी तेव्हा बाईंना खुणांनी का होईना सांगायला हवे होते की हे व्रत आहे. मी सांगितले नाही.

पुढे जेवणाकरिता जायचे होते. साहेब व बाई पुढे गेले. दादा आम्हाला आतल्या गल्लीने एका लहान चौकात घेऊन गेला. त्या चौकाचे नाव मला माहीत नाही. खूण अशी की, मध्ये दगडी कठड्याची विहीर आहे व तिच्यावर लोखंडी झाकण आहे. भोवती दोन पायऱ्या आहेत. समोर पिवळे घर असून खालच्या मजल्यावर मुखवट्यांचे दुकान आहे. वहिनी विहिरीपाशी गेली. झाकणावर बोटाने वाजवून म्हणाली, "हिरीला टोपान घालून ठेवलंय. पानी बायेर आनि टोपान आत, भलतंच हाय." तिने कमरेच्या पिशवीतले कुंकू काढून कठड्याला बोट लावले. दादाने ते पाहिले. तो म्हणाला, "तू इथं बस. आम्ही जेवून येतो. तुझा तसाही उपास आहे. इथून हलू नकोस."

वहिनी म्हणाली, "जावा तुमी. मी हाय हितंच."

ती पायरीवर बसली. अंगावर हिरवे लुगडे व माझी तपकिरी शाल होती. हातात पिशवी नव्हती. पैसे नव्हते. पासपोर्ट दादाजवळ होता. राहत्या घराचा पत्ता लिहिलेली चिठ्ठी आम्हा दोघींत एकच होती आणि ती माझ्या पर्समध्ये होती. वळणावर मी मागे पाहिले. तिने हाताने 'जा जा' केले.

जेवण बराच वेळ चालले. साहेबांच्या बाईंनी वहिनीबद्दल विचारले असावे, कारण त्यांनी आपल्या पायांकडे बोट दाखवले. दादाने डोके दुखते अशी खूण करून स्टेशनच्या दिशेला हात केला. नंतर काचकाम पाहायला नेले. मी दादाला म्हटले, "वहिनी वाट बघत असेल." तो म्हणाला, "बघू दे जरा. कळू दे." दुसऱ्यांदा म्हटले तेव्हा तो साहेबांबरोबर पुढे चालू लागला.

साहेब गेले तेव्हा दिवे लागले होते. आम्ही त्या बाजूस निघालो. एका पुलावर दादा थांबला व वाट सापडत नाही म्हणाला. मी म्हटले, "मला ठाऊक आहे. पूल उतरून डावीकडे, मग मुखवट्यांचे दुकान." तो कठड्याला टेकून पाण्याकडे पाहत उभा राहिला. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. मग म्हणाला, "शेवटची गाडी चुकेल. ती येईल. तिच्याकडे पत्ता आहे." मी म्हटले, "पत्ता माझ्याकडे आहे." तो म्हणाला, "चल म्हटलं ना शकू." मी गेले.

विचारल्यावरून सांगते की, दादाने माझा हात धरला नव्हता किंवा मला धमकी दिली नव्हती. त्याने गाडीत एक संत्रे सोलून मला दिले. ते मी खाल्ले.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, सकाळ त्याने तशीच घालवली. तो कामावर गेला. मंगळवारी मला बरोबर घेऊन तेथील पोलिसांकडे गेला. त्यांनी मला प्रश्न विचारले. मी मराठीत सांगितले की वहिनीला विहिरीपाशी बसवले आहे, ती हलणार नाही, आधी तेथे जा. माझे बोलणे दादाच त्यांना त्यांच्या भाषेत सांगत होता. त्याने काय सांगितले ते मला त्या वेळी कळले नाही. त्या कागदाचा मराठी तर्जुमा येथे ६ फेब्रुवारीस वाचला गेला. त्यात ती मोठ्या चौकातून, चपला घालून, हातात बॅग घेऊन एका माणसाबरोबर आपल्या खुशीने गेली असे आहे. विहिरीचे नाव नाही. मी कोणताही माणूस पाहिलेला नाही.

दसरा झाला. घट मी उठवला. माती बागेत परत टाकली.

सोमवार २४ ऑक्टोबर रोजी दादा कामावर गेल्यावर मी एकटी आगगाडीने व्हेनिसला गेले. तेथील भाषा मला येत नाही. वाट मात्र सापडली. विहीर तशीच होती. कठड्यावर कुंकू फिकट झालेले, पण होते. पायरीवर कोणी नव्हते. पिवळ्या घराच्या खिडकीतून एक म्हातारी माझ्या साडीकडे पाहून हाका मारू लागली व खाली आली. तिने आपल्या पायांवरून हात फिरवून बोटाने नाही नाही केले. मग विहिरीच्या पायरीवर बसून दाखवले. मग गालाखाली हात ठेवून झोप दाखवली आणि दोन बोटे वर केली. मी दोन रात्री असे समजले. तिने भाकरी मोडून देण्याची खूण केली व मान हलवली, म्हणजे वहिनीने घेतली नसावी. उपास होता. नंतर म्हातारीने आपल्या डोक्याला पदरासारखे फडके गुंडाळून छातीवर क्रूस काढला, आणि दोन्ही हातांवर कोणाला तरी उचलून नेल्यासारखे केले. मिशनच्या दवाखान्यात सिस्टर असतात तशा बायकांनी तिला नेले असे मी समजले. कोठे नेले हे तिने पुष्कळ सांगितले. ते मला समजले नाही. हा भाग खुणांवरून आहे, डोळ्यांनी पाहिलेला नाही.

हे त्याच संध्याकाळी मी दादाला सांगितले. तो खाटेवर बसला. मग म्हणाला, "आता पोलिसांना काय सांगू? आधी खोटं बोललो म्हणून?" पुढे म्हणाला, "घरी यातलं काही बोललीस तर मला तुरुंग आणि तुझं लग्न होत नाही." तो रडला. डिसेंबरअखेर आम्ही दोघे परत आलो.

वहिनीचे वडील कोंडाजी शेळके, राहणार तालुका कर्जत, यांनी अर्ज केल्यावरून चौकशी सुरू झाली. त्याआधी ते आमच्या अंगणात आले होते. माझी आई धोंडूबाई त्यांना म्हणाली, "तुमची पोर गेली गोऱ्याचा हात धरून. आमालाच तोंड दाखवायला जागा नाय र्‍हायली, तुमी कशाला आलात?" कोंडाजीमामा माझ्याकडे वळले. मला म्हणाले, "शके, लहानपनी जत्रेत चुकली व्हती माजी जनी. तिला शिकवून ठेवल्यालं, चुकलीस का हलू नको, मी येतो. सकाळपतूर बसल्याली देवळाच्या पायरीवर. ती हलायची नाय गं. तू बोल ना काय तरी." मी आत निघून गेले.

आता जबाब देण्याचे कारण असे. दादाचे दुसरे लग्न येत्या रविवारी म्हणजे २३ तारखेस ठरले होते, ते मुलीकडच्या सुतकामुळे पुढे जाऊन ३० एप्रिलला आले आहे. मुलीकडच्यांना पहिली पळून गेली असे सांगितले आहे. मागच्या आठवड्यात घर सारवताना आईला माझ्या ट्रंकेत वहिनीच्या चपला सापडल्या. त्या तिच्या वडिलांनी विमानप्रवासाकरिता कर्जतच्या बाजारातून घेऊन दिल्या होत्या. आई म्हणाली, "ह्या कशाला ठेवल्यात? टाक उकिरड्यावर. नवी येनार हाय घरात." दादा दारात उभा होता. त्याने चपला पाहिल्या आणि तो बाहेर गेला. पळून जाणारी बाई चपला मागे ठेवून गेली कशी, हे आईने विचारले नाही. मी त्या टाकल्या नाहीत.

त्या चपला, काळ्या, उजवीचा अंगठा शिवलेला, मी आज ठाण्यात हजर करीत आहे.

विचारल्यावरून सांगते की, हा जबाब देण्यास मला कोणी फूस लावलेली नाही. दादाशी माझे वैर नाही. मला त्याची शिक्षा मागायची नाही, शिक्षा व्हावी की न व्हावी ते मला ठरवता येत नाही. माझे मागणे एवढेच आहे की, तेथील पोलिसांना खरी जागा व खरे वर्णन कळावे. अनवाणी, हिरवे लुगडे, तपकिरी शाल, हाती काही नाही. विहिरीपाशी बसवलेली. सिस्टर लोकांनी नेलेली. तिला त्यांची भाषा येत नाही आणि आमचा पत्ता माहीत नाही. ती जिवंत असेल तर आपल्याला घ्यायला कोणी तरी येणार आहे असे ती समजत असेल.

आज रात्रीपासून मी मोहोपाड्यास घरी जाणार नाही. कोंडाजी शेळके यांच्या घरी राहीन. बोलावणे तेथे पाठवावे.

जबाब मला मराठीत मोठ्याने वाचून दाखवला, नंतर मी तो हातात घेऊन स्वतः वाचला. माझ्या सांगण्याप्रमाणे उतरला आहे. या वेळी बाकावर माझ्याशेजारी कोणी बसलेले नव्हते. वाचताना एक दुरुस्ती करून घेतली. या जबाबाची नक्कल घेऊन मुंबईस इटलीच्या वकिलातीत 'जाण्याचा विचार आहे' असे शेवटी लिहिले होते. ते खोडून 'जाणार आहे' असे केले आहे. बरोबर कोंडाजीमामा असतील. दिवस सोमवार, २४ एप्रिल १९७८.

समक्ष
सही: शकुंतला नागू तुपे