ईरम्माच्या नावाची काचपट्टी

भवानी पेठ पोलीस चौकी, सोलापूर. तारीख १३ फेब्रुवारी १९३६, गुरुवार, सायंकाळचे सहा.

माझे नाव यज्ञेश्वर एकनाथ देगावकर, वय ४४ वर्षे, धंदा नोकरी, पेठेतील धर्मादाय दवाखान्यात प्रयोगशाळेचा तपासनीस, राहणार भवानी पेठ, सोलापूर. फौजदारसाहेबांनी विचारल्यावरून समक्ष सांगतो की,

सदर दवाखान्यात मी अकरा वर्षे आहे. रोग्यांची थुंकी, रक्त, लघवी भिंगाखाली पाहणे आणि जे दिसले ते कागदावर लिहून डॉक्टरांच्या हाती देणे हे माझे काम. औषध मी देत नाही. कोणाला काय झाले हेही मी सांगत नाही. लोक मला भिंगवाले मास्तर म्हणतात आणि रस्त्यात गाठून "मास्तर, आमचं काय निघालं?" असे विचारतात. मी उत्तर देत नाही, म्हणून पेठेत मी शिष्ट समजला जातो. अमका रोग नाही असे मी कधी लिहीत नाही. दिसला किंवा दिसला नाही, एवढेच लिहितो. हा जबाब लिहून घेणाऱ्या हवालदारांनी मुद्द्याचे बोला असे सुचवले. मुद्दा हाच आहे, म्हणून आधी सांगितला.

थुंकीच्या तपासणीचा नियम असा की, रोग्याने आमच्या मागच्या ओसरीवर माझ्यासमोर खोकून डबीत थुंकावे. पुरुष थुंकतात. बायका थुंकत नाहीत. परक्या पुरुषासमोर कसे थुंकायचे, म्हणून पदर तोंडाला लावून नुसत्या उभ्या राहतात. त्यामुळे बायकांची डबी घरूनच आणायची, ती घरच्या पुरुषाने आणायची, असा प्रघात पडला. तो मीच पडू दिला. मी त्यांना एवढे मात्र बजावतो की, सकाळी मिश्री लावण्याआधीची थुंकी आणा. अकरा वर्षांत एकाही बाईने हे ऐकलेले नाही. बायकांच्या प्रत्येक डबीत मिश्रीचे काळे कण असतात आणि मी रोज सकाळी त्या कणांवर चरफडतो.

सोमवार तारीख १० रोजी सकाळी आठ वाजता शिवलिंगप्पा सिद्धप्पा म्हमाणे, वय अंदाजे ५२, मूळचे दुधनी गावचे, येथील एका गिरणीत कापूस पिंजण्याच्या खात्यात कामाला, हे पत्नी ईरम्मा हिच्या थुंकीची डबी घेऊन आले. ईरम्मास तीन आठवडे खोकला होता व डॉक्टरांना क्षयाचा संशय होता. रोग्याच्या रोगाचे नाव मी कोणापुढे घेत नाही, पोलिसांपुढेही नाही. येथे घेत आहे ते शिवलिंगप्पा व ईरम्मा दोघांनी आज माझ्यासमोर परवानगी दिली म्हणून.

मी डबी घेतली, नंबर दिला, काचपट्टीवर थुंकी पसरून तिच्या कडेला ईरम्मा म्हमाणे असे नाव लिहिले. प्रथम न रंगवता पाहिले. मिश्रीचा एकही कण नव्हता. कापसाचे बारीक पिळदार तंतू मात्र बरेच होते. असे तंतू कापूस पिंजणाऱ्याच्या थुंकीत दिसतात, घरात राहणाऱ्या बाईच्या दिसत नाहीत. हे मला त्याच वेळी कळायला हवे होते. पण मला वाटले, चला, अकरा वर्षांत एका तरी बाईने आपले ऐकले. तंतू नवऱ्याच्या कपड्यांवरून डबीत पडले असतील अशी मीच माझी समजूत घातली. मी मनातल्या मनात खूश झालो होतो, हे लिहून घ्यावे. मग काचपट्टी रंगवून पाहिली. निळ्या रंगावर क्षयाचे लाल जंतू दिसले, थोडेथोडके नव्हेत. ईरम्माच्या नावापुढे "दिसले" असे लिहून कागद डॉक्टरांकडे दिला. तंतूंबद्दल काही लिहिले नाही. जे दिसले ते सर्व लिहायचे, हे माझे काम; ते त्या दिवशी मी केले नाही.

पुढचे मला आज कळले, ते असे. मंगळवारी डॉक्टरांनी शिवलिंगप्पास सांगितले की, बाईला वेगळे ठेवा, घरात लहान नातवंडे आहेत. मुलगा बसवराज याने घरी ठरवले की, आईला दुधनीच्या शेतातल्या खोपीत ठेवायचे, तिथे एक म्हातारी चुलती दोन वेळा भाकरी पोचवील. बसवराज वाईट माणूस नाही. त्याला दोन लहान मुले आहेत व तो घाबरला होता. बैलगाडी उद्या शुक्रवारी पहाटे यायची ठरली. ईरम्माने दोन दिवसांत आपली भांडी वेगळी काढली आणि नातवंडांना जवळ घेणे बंद केले.

आज दुपारी साडेबारा वाजता मी घरी जेवायला गेलो. जाताना प्रयोगशाळेच्या खोलीला कडी घातली, कुलूप लावले नाही. ही माझी दुसरी चूक. पत्नी अनसूया भाकरी वाढत होती, तोच दवाखान्याचा शिपाई ज्ञानू धावत आला की, खोलीत चोर धरला. मी तसाच उठलो. तेथे पन्नासएक माणसे जमली होती व शिवलिंगप्पास पोलीस चौकीवर घेऊन चालले होते. त्यांच्या रुमालाच्या गाठीत एकच वस्तू सापडली, ती म्हणजे ईरम्माच्या नावाची काचपट्टी. खोलीतले पितळी भिंग, स्पिरिटचा दिवा, माझे घड्याळ, सर्व जागच्या जागी होते.

चौकीवर फौजदारसाहेबांनी मला विचारले की, या काचेवर असे काय आहे? मी सांगितले की, ते डॉक्टरांना आणि रोग्याला विचारा. साहेब रागावले. त्यांच्या जागी मीही रागावलो असतो. तेव्हा शिवलिंगप्पा, जे तोवर भिंतीकडे तोंड करून बसले होते, म्हणाले,

"सांगा मास्तर. आता काय झाकायचं हाय? त्या डबीत माजी थुंकी हुती. तिची न्हवती."

मी विचारले, "तुमची? का दिलीत?"

"मला वाटलं, मी लोखंडावानी हाय. तीस वर्सं गिरणीत एक खाडा न्हाय. खोकला हाय, पर त्यो कापसाचा, समद्यांनाच असतो की. माजी दिली तर कागद चांगला निघंल, तिला कोन घराभाईर काडनार न्हाय, असं वाटलं. आन् निघालं ते माज्यातच निघालं. रोग माजा, काचंवर नाव तिचं. नाव तेवडं पुसायला आलो हुतो, मास्तर. दुसरं कायबी न्हाय."

मग तसे तोंडाने का सांगितले नाही, असे साहेबांनी विचारले. शिवलिंगप्पांनी सांगितले की, दोन दिवस दवाखान्याच्या दारापर्यंत आलो आणि परत गेलो; सांगितले असते तर तिला कळले असते की मी तिच्या नावाने खोटी डबी दिली. गिरणीतून काढतील ही भीती होती का, असेही साहेबांनी विचारले. "ती बी हुती. पर लई न्हाय," असे ते म्हणाले.

सुमारे तीन वाजता बसवराज आईला घेऊन आला. ईरम्मा चौकीच्या दाराबाहेर, सर्वांपासून पाच-सहा हात लांब उभी राहिली, कारण आपल्याला रोग आहे असे ती समजत होती. साहेबांच्या परवानगीने व शिवलिंगप्पांच्या सांगण्यावरून मी तिला झाला प्रकार सांगितला. ऐकून तिने डोक्यावरचा पदर सावरला. मग जवळ आली, सरळ आत आली आणि नवऱ्यापुढे उभी राहून म्हणाली,

"अय्यो शिवा! जल्मभर ह्यांचं उष्टं माज्या ताटात, आता थुंकी बी माज्याच नावावर व्हय?"

चौकीतले दोन शिपाई हसले. तीही हसली आणि हसताहसताच तिला रडू आले. शिवलिंगप्पा मान वर करीनात. तेव्हा तिने पदराने त्यांचा चेहरा पुसला. मी तिला सांगितले की, बाई, तो पदर घरी गेल्यावर उकळून घ्या आणि यांच्या तोंडाजवळ फार जाऊ नका. हे त्या वेळी बोलायला नको होते असे मला आता वाटते, पण सांगणे भाग होते.

नंतर मी तिला म्हणालो की, तुमची स्वतःची थुंकी अजून कोणी पाहिलेलीच नाही; ती हवी, आणि या खेपेला माझ्यासमोर हवी. बसवराज म्हणाला, "अव्वा, मास्तरांकडं पाठ कर, मी आडवा हुबा ऱ्हातो."

"कशाला आडवा?" ती म्हणाली. "लाजले तवाच तर ह्ये समदं झालं. चला मास्तर."

साहेबांनी एक शिपाई बरोबर दिला. दवाखान्याच्या ओसरीवर ईरम्माने सर्वांदेखत, माझ्याकडे तोंड करून डबीत थुंकले. अकरा वर्षांत असे करणारी ती पहिली. शिवलिंगप्पांनीही पुन्हा डबी दिली. दोन्ही काचपट्ट्या मी स्वतः रंगवल्या, प्रत्येकीला अर्धा तास दिला, आणि डॉक्टरांनाही भिंगातून पाहायला लावले. ईरम्माच्या काचेत मिश्रीचे कण भरपूर होते. एरवी चरफडलो असतो, आज ते पाहून इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आले आणि भिंग पुसावे लागले. तिच्या काचेत जंतू दिसला नाही. शिवलिंगप्पांच्या काचेत दिसले. ईरम्माची थुंकी आणखी दोन वेळा पाहणार आहे, कारण एका दिवसाच्या काचेवर कोणाला मोकळे सोडणे बरे नाही.

डॉक्टरांनी शिवलिंगप्पांना कामावरून रजा घेऊन मोकळ्या हवेत राहायला सांगितले आहे. गिरणीला काय कळवायचे ते डॉक्टर व शिवलिंगप्पा मिळून ठरवतील. माझ्याकडून कळणार नाही, व या कागदावरून कोणी कळवू नये अशी माझी विनंती आहे. बसवराज बैलगाडी नको म्हणून निरोप पाठवायला निघाला होता. ईरम्माने त्याला थांबवले. "गाडी येऊ दे. खोपीत ह्ये झोपतील, भाईर लिंबाखाली मी. भाकरी मीच करीन." मी सांगितले की, खोकणाऱ्याच्या अंगावरून येणारा वारा तुमच्याकडे येणार नाही अशा बाजूला अंथरूण घाला, त्यांच्या थुंकीच्या डबीत राख घालून ठेवा, आतले रोज जाळा. उरलेल्या दोन वेळची तुमची डबी दुधनीहून बसवराजने आणली तरी घेणार नाही, तुम्हीच यायला हवे. ती म्हणाली, "येते की. आन् मिश्री लावूनच येते, म्हंजी तुमाला वळकू ईल." मिश्री लावण्याआधी या, असे मी तिला परत बजावले. ऐकेल असे वाटत नाही.

शिवलिंगप्पांनी मला एकच विनंती केली की, रजिस्टरातले ते पान फाडा, तिचे नाव त्यावर नको. मी नाही म्हणालो. पान फाडत नसतो. सोमवारच्या नोंदीवर एकच रेघ ओढली आहे, खालचे अक्षर वाचता येईल अशी, आणि बाजूला लिहिले आहे की, ही थुंकी ईरम्मा म्हमाणे हिची नव्हती, तंतू दिसूनही तपासनिसाने नोंद केली नाही, चूक तपासनिसाची. खाली माझी सही आहे. शिवलिंगप्पांना नावे ओळखण्यापुरतीच अक्षरओळख आहे, म्हणून मी त्यांना ते दोनदा वाचून दाखवले. त्यांनी तिच्या नावावरच्या रेघेला बोट लावून पाहिले.

दवाखान्याची वस्तू चोरल्याबद्दल माझी फिर्याद आहे का, असे साहेबांनी विचारले. काचपट्टी दवाखान्याची आहे. ती विनापरवाना नेली हे खरे आहे व ते मी लपवत नाही. तिच्यावर जे होते ते शिवलिंगप्पांचे स्वतःचे होते, हेही खरे आहे. काचपट्टी न फुटता परत मिळाली. माझी फिर्याद नाही, व डॉक्टरांचीही नाही, तसे त्यांचे पत्र सोबत जोडले आहे.

हेतूबद्दल माझे मत विचाराल, तर माणसाच्या मनात काय आहे हे पाहायचे भिंग माझ्याजवळ नाही. पण आज दुपारपासून मी या माणसाला जवळून पाहिले आहे. माझ्या नेहमीच्या पद्धतीने लिहायचे तर, चोरी दिसली नाही.

वरील मजकूर हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. चौकीच्या पायरीवर बसलेल्या शिवलिंगप्पा व ईरम्मा यांनीही तो ऐकला. मी सांगितले तसाच उतरला आहे. एका जागी ईरम्माच्या नावामागे "रोगी" असा शब्द पडला होता, तो माझ्यासमोर एका रेघेने खोडण्यात आला, व त्या रेघेशेजारी मी सही केली आहे.

यज्ञेश्वर एकनाथ देगावकर